पासिंगचे चार टायर

देवासच्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्याच्या संपादक बाई माझ्या थोरल्या वहिनींच्या मैत्रीण, शाळेतून निवृत्त झालेल्या. श्रावणात त्यांचा फोन आला. "भाऊसाहेब, धारला इतकी वर्षं गॅरेज चालवलंत. गाड्यांच्या फिटनेसबद्दल एक छान हलकाफुलका लेख द्या की! चार गमती येऊ द्यात. कुठे जायचं, काय तपासतात, ही माहितीही होईल लोकांना."

मी हो म्हणालो. पण हलकंफुलकं असं माझ्याजवळ फारसं उरलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गमती लिहितो, माहितीही लिहितो. मात्र मी हो म्हणालो ते वेगळ्याच कारणासाठी. सहा वर्षांपूर्वी मी एका बाईशी खोटं बोललो, तिच्या नवऱ्याच्या अपघाताबद्दल. खरं काय झालं ते तिला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. निदान कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमचे आजोबा संस्थानच्या मोटारखान्यात होते. तीर्थरूप कचेरीत चिकटले. मी पुन्हा मोटारीकडे वळलो, तेव्हा घरात आठ दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. देवासहून धारला आलो आणि तिरल्याच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. त्या रस्त्यावर तेव्हा जीपगाड्याच जीपगाड्या. धार, तिरला, अमझेरा, बाग असं जाणं-येणं. आत बारा माणसं, मागे लटकलेली चार, टपावर बोचकी आणि बोकड. दोन-तीन वर्षांत माझं नाव झालं ते इंजिनाच्या कामासाठी नाही. 'फिटनेसवाले भिया' म्हणून झालं; भिया म्हणजे इकडच्या बोलीतला भैया. गाडी पास करवायची असेल तर भियाकडे न्या, असं लोक म्हणत. मला ते ऐकून किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

आता फिटनेस म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. भाड्याने चालणारी गाडी, मग ती जीप असो, ट्रक असो की शाळेची बस, रस्त्यावर धावायला लायक आहे असं सरकारचं प्रमाणपत्र लागतं. नवी गाडी असेल तर दोन वर्षांनी, जुनी झाली की दरसाल. घरच्या मोटारीला पंधरा वर्षं झाली की तिचीही तपासणी होते, त्याशिवाय नोंदणी पुढे वाढत नाही. तपासतात काय? ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, स्टिअरिंगचा ढिलेपणा, धूर, टायर, मागची चमकणारी पट्टी, चेसिसवरचा नंबर. सोबत विमा आणि प्रदूषणाचा कागद. पूर्वी हे सगळं कार्यालयाच्या मैदानावर साहेब स्वतःच्या डोळ्यांनी बघत. गाडीखाली वाकत, टायरवर बुटाची टोच मारत, दिवे लावायला सांगत, एक चक्कर मारून कचकन ब्रेक दाबायला लावत. त्या दोन मिनिटांसाठी माणसं आठ-आठ दिवस धडपडत. चेसिसवरचा नंबर चिखलाखाली नेमका कुठे आहे, हे सुद्धा पुष्कळांना त्या दिवशीच कळे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. एक मास्तर आपली जुनी मोटार खालून शांपू लावून धुऊन घेऊन आले होते. म्हणाले, साहेब वाकून बघतात, तेव्हा चांगला वास यायला हवा. ब्रेकचं तेल मात्र गळत होतं आणि शांपूच्या वासात तेही त्यांना सुवासिक वाटत होतं! देवासहून माझ्या भावाने एक निवृत्त अधिकारी पाठवले होते. त्यांचं म्हणणं, "माझी गाडी फक्त टेकरीखालपर्यंत जाते. देवीच्या दर्शनाला. वेग वीसच्या वर नसतो. तिला ब्रेक कशाला तपासायचा?" मी म्हटलं, "साहेब, समोरून येणाऱ्याला ठाऊक आहे का तुम्ही दर्शनाला निघालात ते?" ते रागावून निघून गेले, आणि दोन तासांनी परत आले. एका बसच्या औषधपेटीत पट्टीऐवजी बिड्यांचं बंडल आणि नजर लागू नये म्हणून ठेवलेलं लिंबू निघालं होतं. आग विझवायचं नळकांडं तर अख्ख्या रस्त्यावर एकच होतं आणि ते दर आठवड्याला वेगवेगळ्या गाडीत बसायचं.

बाई, तुम्हाला ह्या गमतीच हव्या होत्या. पण हे नळकांडं जसं एकच होतं, तसेच टायरही चारच होते, आणि ते माझे होते.

हे नीट सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते खरं वाटत नाही. तपासणीत गाडी सगळ्यात जास्त अडते ती टायरवर. ब्रेक दुरुस्त करता येतो, दिवा बदलता येतो, पण घासून गुळगुळीत झालेल्या टायरला काय करणार? नवे घ्यायला कोणी तयार नसतो. म्हणून आमच्याकडे रीत पडली होती. मिस्त्रीने आपल्याजवळ चांगल्या टायरचा एक संच ठेवायचा. ज्याची तपासणी असेल त्याच्या जीपला सकाळी तो चढवायचा. गाडी मैदानावर जाणार, पास होऊन येणार. दुपारी संच उतरवून घ्यायचा आणि त्याचे जुने टायर त्याला परत लावून द्यायचे. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून शेजारणीच्या बांगड्या घालाव्यात ना, अगदी तसं. पाहुणे गेले की बांगड्या परत.

मी त्या संचाचं वेगळं असं काही घेत नसे. माझ्याकडे काम करवून घेणाऱ्याला तो हक्काने मिळे. चारही टायरांवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका मी ब्रशाने दिला होता, म्हणजे कुणी अदलाबदल करू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी ज्याचा नंबर, त्याचं नाव. माझा नियम एकच आणि कडक होता, की संच त्याच दिवशी परत यायला हवा. मग पाऊस पडो की घरात लग्न असो. ह्या शिस्तीचा मला अभिमान होता हो! वेळेवर देणारा आणि वेळेवर घेणारा माणूस म्हणून.

ते टायर वर्षानुवर्षं नवेच दिसत. दिसणारच, चालतात किती? गॅरेज ते मैदान आणि मैदान ते गॅरेज. एकदा तिथले साहेब, वयस्क आणि शांत गृहस्थ, एका जीपच्या टायरला बूट लावून थांबले. ठिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "क्यों भिया, आपकी गाड़ियों के टायर कभी घिसते नहीं क्या?" मी हसलो. ते नाही हसले. कागदावर सही करून पुढच्या गाडीकडे गेले. त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मला मात्र कळायला हवं होतं. तो माणूस मला थांबण्याची एक संधी देत होता, आणि मी ती गोष्ट घरी येऊन जेवताना विनोद म्हणून सांगितली.

आता रतनबद्दल.

रतन तिरल्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला. स्वतःची जीप स्वतः चालवायचा. बाग गावाहून छापील कापडाचे गठ्ठे धारला आणायचा आणि जाता-येता माणसं बसवायचा. पहिल्या दिवसापासून माझं गिऱ्हाईक. बोलणं कमी. गाडी इतकी हळू चालवायचा की बाकीचे ड्रायव्हर त्याला 'बैलगाड़ी' म्हणून चिडवत. प्रवासी सुद्धा वैतागत. एकदा मी त्याच्याबरोबर अमझेऱ्याला गेलो होतो. उतारावर त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि सायकलवाले आम्हाला ओलांडून पुढे गेले. मी म्हटलं, "रतन, अरे दिवाळीपर्यंत पोचू ना?" तो म्हणाला, "पोंच जाएंगे भिया. पोंचना जरूरी है, जल्दी नी." हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या भागात भगोरियाचे हाट, म्हणजे जत्रेसारखे बाजार, भरतात. आज ह्या गावाला, उद्या त्या गावाला. आदिवासी पाड्यांमधून माणसं ढोल घेऊन निघतात, आणि जीपवाल्यांना वर्षातला सगळ्यात मोठा धंदा त्याच आठवड्यात. रतनच्या जीपची तपासणी नेमकी त्याच आठवड्यात आली. सकाळी संच चढवला, बाराच्या आत गाडी पास होऊन आली. नवा कोरा कागद. रतन खूश. चहा झाला. मी जॅक घेऊन बसलो, तसा तो जवळ आला.

"भिया, एक बात के रिया था."

"बोल."

"ये टायर आठ दिन रेने दो. भगोरिया है, गाड़ी भर-भर के जाएगी. धूप भी तेज है. मेरेवाले तो अब गए काम से. भगोरिया निपट जाए, फिर नए डलवा लूंगा."

मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी एका जीपचं नाव लिहिलेलं होतं. "कल दूसरे की गाड़ी है रतन. मैंने जबान दी है."

"चार दिन?"

"अरे, नियम मतलब नियम. तुझे छोड़ूंगा तो सब मांगेंगे."

त्याने पुन्हा मागितलं नाही. तसा स्वभावच नव्हता त्याचा. उलट माझ्या हातातला पाना घेऊन स्वतःच नट ढिले करायला लागला, कारण माझी कंबर तेव्हा धरलेली होती. ठिपक्याचे चारही टायर मी उतरवले. त्याचे जुने चढवले. पुढचा डावा टायर चढवताना मी त्याच्यावरून हात फिरवला. नक्षी नावालाही नव्हती आणि एका बाजूला आतली तार हाताला लागत होती. तीस वर्षं टायर हाताळलेत मी. हात फिरवला की मला कळतं. त्या दिवशीही कळलं. मी नट आवळले आणि म्हटलं, "संभाल के जाना." तो म्हणाला, "हाँ भिया," आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ती दुसरी जीप आलीच नाही. तिच्या मालकाला भगोरियाचं भाडं मिळालं, म्हणून त्याने तपासणी पुढे ढकलली. साधा निरोपही नाही. ठिपक्याचे चार टायर दिवसभर भिंतीला टेकून उभे होते. तिसऱ्या दिवशीही तिथेच होते. रतनला फोन करून "ये, घेऊन जा" म्हणावं, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. अगदी खरं सांगतो, आलं होतं. मग गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अमझेऱ्याच्या पुढच्या उतारावर रतनच्या जीपचा पुढचा डावा टायर फुटला. बाग गावाहून गठ्ठे घेऊन परत येत होता. गाडी डावीकडे खेचली गेली आणि दगडी पुलाच्या कठड्यावर आदळून खाली गेली. मागे बसलेल्या तिघांचं खरचटण्यावर निभावलं. रतनला धारला आणेपर्यंत तो गेला होता.

गाडी ओढून आणायला बोलावलं ते मलाच. त्या रस्त्यावर कोणाचीही गाडी अडली की मलाच बोलावत. उन्हाची काहिली, आणि शेतभर ते कापड पसरलेलं. लाल, काळं. बायका ते गोळा करून घडी घालून ठेवत होत्या, इतकं नीट की जणू कोणी परत घ्यायला येणार आहे. मी खाली उतरलो. पुढच्या डाव्या चाकापाशी बसलो. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या, पण नट जसेच्या तसे घट्ट होते. ते मीच आवळले होते ना!

हवालदार पंचनामा करत होते. गाडीच्या कप्प्यातून निघालेला कागद त्यांनी उलगडला. "फिटनेस तो दो दिन पहले का है. गाड़ी तो एकदम फिट थी." मग टायरकडे बघून मला विचारलं, "क्यों मिस्त्री जी, ये टक्कर से फटा होगा?"

मी तिथे सांगू शकलो असतो. एकच वाक्य होतं. टक्कर नंतर झाली, टायर आधी फुटला, आणि ह्या टायरवर ही गाडी पास झालेली नाही. एवढंच. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कुठल्या टायरवर पास झाली? मी म्हटलं, "हाँ साहब, टक्कर में फट जाता है."

त्यांनी लिहिलं. गाडीत दोष नाही. चालकाने तेज गतीने आणि लापरवाहीने गाडी चालवली. रतनने. तेज गतीने!

पंधरा दिवसांनी त्याची बायको, कमलाबाई, गॅरेजवर आली. सोबत दीर होता, तो बाहेरच थांबला. ती उंबऱ्याशी बसली. रडली नाही. रतनसारखीच कमी बोलणारी.

"भिया, एक बात पूछनी थी. गांव में सब के रिये हैं कि भगा के ला रहे थे. भाड़े के लालच में. थाने के कागज में भी येई लिखा है, देवर ने पढ़ के बताया. पर वो तो भगाते नी थे. आप तो बैठे हो उनके साथ."

मी हातातला पाना फडक्याने पुसू लागलो.

"आपने तो गाड़ी उस दिन से दो दिन पहलेई देखी थी. गाड़ी में कोई खराबी तो नी थी ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला दोनातलं एक उत्तर हवं होतं. गाडीत दोष होता, म्हणजे रतन निर्दोष. किंवा गाडी चांगली होती, म्हणजे चूक त्याची. तिसरं काही नव्हतंच. आणि तिच्या मागे भिंतीला ते चार टायर टेकलेले होते, पांढऱ्या ठिपक्यांचे.

मी म्हटलं, "नहीं भाभी. गाड़ी फिट थी."

ती म्हणाली, "तो फिर उनसेई गलती हुई होगी." उठली, पदर सारखा केला आणि गेली. जाताना मला नमस्कार केला. मला! मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या आठवड्यात मी ते टायर करवतीने कापले. एकेकाचे चार तुकडे. कापताना दिसलं की वरून नवे दिसणारे ते टायर आतून केव्हाच मेले होते. रबर वयाने कडक होतं, चालो न चालो. बाजूवर चार आकडे असतात, टायर कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते सांगणारे. मी ते गिऱ्हाइकांना वाचायला शिकवायचो, आणि माझ्याच टायरचे कधी वाचले नव्हते. म्हणजे रतनला ते दिले असते तरी तो वाचलाच असता, असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. ह्या विचाराने मन जरा हलकं होईल असं मला वाटलं होतं. नाही झालं. त्याने मागितले होते आणि मी दिले नव्हते, एवढंच खरं.

नंतर गॅरेज चाललं, पण माझं लक्ष उडालं. दोन वर्षांपूर्वी शटर ओढलं ते ओढलंच. आता तपासणी मशिनीवर होते म्हणतात. चाकं रुळांवर फिरवून ब्रेकचा जोर मोजतात, दिव्याचा झोत मोजतात, धूर मोजतात, वरती कॅमेरे. चांगलं आहे. पण ही केंद्रं गावोगाव नाहीत. आधी वेळ घ्यावी लागते, लांब जावं लागतं, आणि लांब जायचं म्हटलं की लोकांना पुन्हा मध्ये कोणीतरी 'करून देणारा' हवा असतो. बाईंनी विचारलं होतं, कुठे जायचं. तर केंद्र कुठे आहे ते सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा, नाहीतर कार्यालयात जाऊन विचारा. पानाच्या टपरीवर विचारू नका. आणि तपासणीआधी गाडी दाखवायला मिस्त्रीकडे न्याल, तेव्हा त्याचं तोंड बघा. गाडीखाली न वाकताच जो "हो जाएगा" म्हणतो, तिथून तुमची गाडी काढून घ्या. जो खाली शिरून, तोंड वाकडं करून, चार कामं सांगतो आणि तुमचा मूड घालवतो, तो खरा. ह्या "हो जाएगा"मध्ये माझा जन्म गेला, म्हणून सांगतो.

अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. "भिया, वो पासिंगवाले टायर रखे हैं क्या?" मशीन टायर बघते, पण तो दुपारी कोणी उतरवून घेणार आहे का, हे मशीन बघत नाही. माझे मी कापले. बाकीच्यांच्या भिंतींना टेकलेले आहेतच. मी एका माणसाला फोनवर रागावलो तर तो म्हणाला, "अरे भिया, आपने ही तो सिखाया था." मी फोन ठेवून दिला.

कमलाबाई दरसाल भाद्रपदात येते. शेतातले भुट्टे घेऊन. "वो लाते थे आपके लिए, तो मैं भी लाती हूं," म्हणते. कोवळी कणसं किसून केलेला भुट्ट्याचा कीस आमच्या घरात सगळ्यांना आवडतो. आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, मी सगळं सांगितलेलं आहे. दुसऱ्या वर्षी कणसं सोलता सोलता म्हणाल्या, "अहो, तिला खरं सांगायचं नसेल तर तिच्या हातचं घेऊ तरी नका." मी म्हटलं, पुढच्या वर्षी सांगतो. तेव्हापासून दर वर्षी हेच म्हणतो आहे. आता त्या विचारत नाहीत. कीस मात्र माझ्या ताटात वाढत नाहीत.

भीती कशाची, असं तुम्ही विचाराल. तुरुंगाची? छे! ह्या वयात कोण नेतं मला. भीती तिच्या तोंडाची आहे. सहा वर्षं ती बाई गावात मान खाली घालून राहिली, नवऱ्याची चूक म्हणून. मागे बसलेल्या तिघांच्या घरी जाऊन तिने हात जोडून माफी मागितली, हे मला नंतर तिच्या दिराकडून कळलं. रतनच्या वतीने. माझ्या वतीने, खरं तर.

गेल्या मंगळवारी ती आली तेव्हा मी ओसरीवर हाच लेख लिहीत बसलो होतो. भुट्ट्यांची पिशवी ठेवून तिने कागदांकडे बघितलं. तिला अक्षरओळख नाही.

"क्या लिख रिये हो भिया?"

"मराठी में कुछ. देवास में किताब छपती है दिवाली पे. गाड़ियों के बारे में."

"उनके बारे में भी लिखा?"

मी होकाराची मान हलवली.

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "अच्छा! तो येई लिखना कि आदमी अच्छे थे. एक बार गलती सबसे होती है. जरा सुनाओ नी."

कागद माझ्या हातात होते. हवालदाराचं पान वर होतं. मंडळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी पानं उलटली, मागे गेलो, आणि शांपूने मोटार धुणाऱ्या मास्तरांची गोष्ट हिंदी करून वाचली. लिंबाची आणि बिड्यांचीही वाचली. कमलाबाई हसली. पदर तोंडाला लावून हसली. सहा वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मंडळी आत निघून गेल्या.

जाताना ती म्हणाली, "छप जाए तो एक किताब मुझे देना भिया. उनके फोटू के पास रख दूंगी. पढ़ना तो आता नी, पर उनका नाम तो है उसमें."

तर बाई, लेख हा असा आहे. जमल्यास एक शब्दही न बदलता छापा. अक्षरं तर हिंदीचीच आहेत. आमच्या घरातली तरुण मंडळी मराठी वाचत नाहीत, पण तिच्या गावातला कोणी शिकलेला फोटोजवळचा अंक उचलून सावकाश वाचायला बसला, तर त्याला निम्मं तरी कळेल. म्हणून पुढचं सगळं साध्या शब्दांत लिहितो. रतन गाडी हळू चालवायचा. त्या दिवशीही हळूच चालवत असणार. गाडी फिट नव्हती. चांगले टायर त्याने माझ्याकडे मागितले होते, आणि ते मी माझ्या हातांनी काढून घेतले.

अंक आला की मी तो तिला नेऊन देणार आहे. तिने मागितला तेव्हा मी हो म्हणालो आहे.